अण्णांची जीभ शाबूत आहे

पत्र

डॉक्टरताई, आम्ही लालबागला चाळीत राहतो. सासरे ७४ वर्षांचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा सगळा जन्म मसाल्याच्या दुकानात गेला. नुसता वास घेऊन मिरची ब्याडगी की संकेश्वरी ते सांगायचे. पावसाळ्यात सर्दी-तापाने आठवडाभर पडले. ताप गेला, पण चार महिने झाले तरी जेवणाला चव नाही म्हणतात. आमटीत वरून मीठ घेतात, शिवाय लोणचं आणि ठेचा हवाच. त्यांना ब्लडप्रेशर आहे. अडवलं की म्हणतात, ‘तुझ्या हाताची चव गेली.’ फार लागतं मनाला. गेल्या आठवड्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस सुरूच राहिला. अण्णा तिथेच पेपर वाचत बसले होते. वास आला तो शेजारच्या वहिनींना, गॅलरीतून धावत आल्या. माझा मुलगा पाचवीत आहे. तो विचारतो, आपल्या मनीला बोंबील जिन्यात असतानाच कळतात, मग आजोबांना समोरचा गॅस कसा कळला नाही? अण्णा हट्टाने असं करतात, की हे वयाचं आहे? मी काय करू?
— एक वाचक, लालबाग

उत्तर

ताई,

आधी गॅसचं बोलते. बाकीचं सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टनसारखं गंधकाचं संयुग अगदी थोडं, मुद्दाम मिसळतात. म्हणजे घरातली सगळी सुरक्षितता माणसाच्या नाकावर सोपवलेली आहे, आणि अण्णांचं नाक सध्या काम करत नाही. त्यामुळे या आठवड्यात गॅसगळतीचा अलार्म बसवून घ्या. तो घेताना दुकानदाराला तुमच्याकडे सिलिंडर आहे की पाइपचा गॅस, हे सांगा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो, म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हलका असतो आणि वर जातो, म्हणून त्याचा अलार्म छताजवळ हवा. जागा चुकली तर अलार्म असून नसल्यासारखा. पुढे शेगडी बदलाल तेव्हा ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घ्या.

अण्णांनाही शांतपणे सांगून ठेवा, की घरात कोणी ‘गॅसचा वास येतोय’ म्हणालं तर त्यावर वाद घालायचा नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर गॅलरीत यायचं. दिव्या-पंख्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. सिलिंडरची गळती असेल तर १९०६ वर फोन करायचा. पाइपचा गॅस असेल तर कंपनीचा तातडीचा नंबर बिलावर असतो, तो दारामागे मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा. नासलेलं दूध आणि आंबलेली आमटीही अण्णांना वासावरून कळणार नाही. दुपारी घरी एकटे असतील तेव्हा काय खायचं आणि काय टाकायचं, हे सकाळीच सांगून जा.

आता तुमच्या मनाला लागलेल्या गोष्टीकडे येते. अण्णा हट्टाने काही करत नाहीत, आणि तुमच्या हाताची चवही कुठे गेलेली नाही. हे माझ्या शब्दावर मानू नका, घरीच करून बघा. कोपऱ्यावरच्या दुकानातून संत्र्याच्या गोळ्या आणा. आधी तुम्ही आणि मुलगा, दोघांनी नाक चिमटीत घट्ट धरा आणि मग गोळी तोंडात टाका. चघळा. फक्त आंबट-गोड लागेल, संत्र्याचा पत्ता नाही. लिंबाची आहे की अननसाची, सांगता येणार नाही. आता नाक सोडा. सोडल्याबरोबर तोंडभर संत्रं होईल. गोळी तीच आणि जीभही तीच, मधे फक्त नाक उघडलं.

आपण घास चावतो तेव्हा त्यातला गंध घशाच्या मागच्या वाटेने वर नाकात चढतो. गिळताना, श्वास सोडताना तो नाकाच्या छतापर्यंत पोचतो. मेंदू मात्र तो अनुभव जिभेच्या खात्यावर टाकतो. म्हणून नाक गेलेला माणूस ‘वास येत नाही’ म्हणत नाही, ‘चव गेली’ म्हणतो. अण्णा तेच म्हणताहेत. आमटीतली चिंच, गूळ आणि मीठ त्यांच्यापर्यंत पोचतंय, गोडा मसाला पोचत नाही. आणि तुमच्या हाताचं जे काही वेगळेपण आहे ते त्या मसाल्यात आणि फोडणीतच आहे.

मग अण्णांनाही तीच गोळी द्या. नाक धरून आणि सोडून काहीच फरक पडला नाही, तर दोष कुठे आहे ते त्यांना स्वतःलाच उमगेल. सगळ्यांच्या देखत मात्र करू नका. ज्याने जन्मभर नाकावर भाकरी कमावली, त्याला ही गोष्ट एकट्याने पचवायला वेळ द्यायला हवा.

जिभेचं काम तसं मोजकं आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी. ही पाचवी चव किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून वेगळी ओळखली. टोमॅटो आणि सुकी मासळी यांची जी भरीव चव असते, ती बरीचशी हीच. मुलाच्या हाती जिभेचा नकाशा आला, टोकाला गोड आणि मागे कडू असा, तर तो चुकीचा आहे म्हणून सांगा. १९०१ च्या एका जर्मन प्रयोगाचा उलटा अर्थ लावला गेला आणि तो अनेक वर्षं पुस्तकांतून फिरत राहिला. जिभेवर जिथे जिथे स्वादकलिका आहेत, तिथे पाचही चवी कळतात. त्यांच्यातल्या पेशी साधारण दहा दिवसांनी बदलतात, त्यामुळे जीभ सहसा लवकर सावरते.

तिखट या पाचांत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं होतं. त्याचा ग्राहक, म्हणजे पेशीवर बसून त्याला ओळखणारा रेणू, डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. ही वेदनेची वाट वासाच्या वाटेहून अगदी निराळी आहे, चेहऱ्याच्या मज्जातंतूतून जाणारी. अण्णांची ती वाट ठणठणीत दिसते, म्हणून त्यांना ठेचा हवा असतो. ताटातलं जेवढं काही अजून त्यांच्यापर्यंत पोचतं, तेवढंच ते मागताहेत, मीठ, आंबट आणि झणका. त्यांचा राग तुमच्यावर नाही हो, घास पोकळ लागतो त्याचा आहे.

आता नाकाच्या आत काय बिघडलं असेल ते सांगते, कारण उपायाचं धोरण त्यावरच उभं आहे. नाकाच्या छताशी, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, ओलसर त्वचेचा एक छोटा पट्टा असतो. वास ओळखणाऱ्या चेतापेशी तिथे असतात. त्यांची एक बाजू शेंबडाच्या पातळ थरात बुडालेली असते, तर दुसरी हाडातल्या बारीक छिद्रांतून थेट मेंदूला जाऊन भिडते. प्रत्येक चेतापेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक असतो, आणि माणसात असे सुमारे ४०० प्रकार आहेत. लवंगेचा गंध त्यातल्या काहींना चेतवतो, दालचिनीचा दुसऱ्या काहींना, आणि काही दोन्हींत सामाईक असतात. कोणकोणते एकदम जागे झाले त्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो, म्हणून ४०० प्रकारांच्या भांडवलावर असंख्य वास वेगळे करता येतात. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये जगासमोर आणली, त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. अण्णा ब्याडगी आणि संकेश्वरी वेगळी करायचे ते या जुळण्यांवर, आणि अनेक वर्षांच्या सरावाने. माझ्या मते ही विद्याच आहे, आणि ती त्यांच्या मेंदूत अजून शिल्लक आहे.

सर्दीचे काही विषाणू या पट्ट्यालाच इजा करतात. कधी चेतापेशींना, कधी त्यांना सांभाळणाऱ्या भोवतालच्या पेशींना. करोनात हे आपण घरोघर पाहिलं. वयाचाही हात असतोच. ६५ ते ८० या वयातल्या निम्म्याहून अधिक लोकांची वासाची शक्ती बरीच घटलेली असते, असं अमेरिकेतल्या मोठ्या तपासणीत १९८४ मध्येच दिसलं होतं. पण ती घट हळूहळू होते. अण्णांचं एका तापात गेलं, त्यामुळे माझा पहिला संशय विषाणूवर आहे.

आणि यातच आशेला जागा आहे. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्या. नाकातल्या या पेशी मात्र जन्मभर नव्याने तयार होत राहतात. नव्या पेशींनी मेंदूशी पुन्हा नीट जोडणी करावी म्हणून त्यांना रोज काम द्यायचं, याला वासाचा सराव म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे. सराव करणाऱ्यांचं नाक न करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलं. सगळ्यांचं सुधारत नाही, हे आधीच सांगते, पण खर्च जवळजवळ शून्य आणि अपाय काही नाही.

तुमच्या घरी तर हा सराव शिकवायला मास्तर घरातच आहेत. चार छोट्या झाकणाच्या बाटल्या घ्या. एकीत ठेचलेली लवंग, एकीत लिंबाची ताजी साल, एकीत गुलाबाच्या अत्तराचा बोळा, एकीत निलगिरी तेलाचे दोन थेंब. सकाळी चहाआधी आणि रात्री जेवणाआधी अण्णांनी एकेक बाटली नाकाशी धरून वीसेक सेकंद हलके हलके हुंगायचं. खोल, जोरात ओढायचं नाही. मधे थोडं थांबायचं. हुंगताना तो वास आठवायचा, हे महत्त्वाचं. लवंग धरली की लवंगेचं पोतं, दुकान, ते हात, सगळं मनात आणायचं. वासाचा संदेश भावना आणि आठवणींच्या केंद्रांकडे सरळ जातो, इतर इंद्रियांइतके टप्पे घेत नाही. म्हणून आठवण इथे खरोखर कामाला येते. निलगिरीने नाकात गार झिणझिणी येईल. ती चेहऱ्याच्या मज्जातंतूची, वासाची नव्हे. तेवढ्यावर ‘आला आला’ म्हणून घाईने खूश होऊ नका. मिरचीपूड कधीच हुंगायला देऊ नका.

बारा आठवडे झाले की बाटल्या बदला, आणि तेव्हा अण्णांना निवडू द्या, दगडफूल, वेलची, दालचिनी, नागकेशर. मुलाने वहीत तारीख आणि अण्णांचं उत्तर लिहायचं. ‘काही नाही’, ‘काहीतरी आहे’, ‘ओळखलं’, एवढं पुरे. मधेच एखाद्या दिवशी अण्णा म्हणतील, फोडणी जळकी येतेय, चहाला सडका वास मारतोय. तेव्हाही तुमच्या हाताला काही झालेलं नसेल. परतणारं नाक सुरुवातीला पुष्कळदा वाकडे वास दाखवतं. त्या दिवसांत तळण आणि कांदा-लसूण कमी करा, जेवण कोमट किंवा गार वाढा, म्हणजे वाफेबरोबर उठणारा वास त्रास देत नाही.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्याला असं द्या. मनीचं नाक तिच्या शिकारीसाठी घडलेलं आहे. त्याशिवाय टाळूच्या वर तिला गंध ओळखणारं आणखी एक इंद्रिय आहे. कधी एखादी जागा हुंगून ती तोंड अर्धवट उघडं ठेवून थबकते ना, तेव्हा ती तिथला गंध त्या इंद्रियाकडे पोचवत असते. पण हीच मनी बासुंदीतली गोडी ओळखू शकत नाही. गोड चव ओळखणारा ग्राहक दोन जनुकांनी मिळून बनतो, आणि मांजरांत त्यातलं एक मोडलेलं आहे. हे २००५ मध्ये उलगडलं. वाघ-चित्त्यांचंही तसंच आहे. बासुंदी ती चाटेल, पण दुधातल्या स्निग्धासाठी. पोपट मिरची कुरतडतो, कारण पक्ष्यांच्या त्या ग्राहकावर कॅप्सायसिनचा परिणामच होत नाही. माशी तुमच्या लाडवावर बसली की पायांनी चव घेते. कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून, त्यामुळे समोरून येणारा ताजा वास उडून जात नाही. आफ्रिकी हत्तीकडे तर वासाच्या ग्राहकांची सुमारे २,००० जनुकं आहेत, आपल्या पाचपट.

एक गोष्ट त्याला डोळ्यांनी दाखवण्यासारखी आहे. मासळी बाजारात जाल तेव्हा कोळणीला विचारून मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, तोंड जवळून बघा. थूथनावर बारीक बारीक टिपक्यांसारखी छिद्रं दिसतील. हलकेच दाबलं तर त्यातून चिकट द्रव येतो. स्तेफानो लोरेंझिनी यांनी १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्यांचं काम कळायला मात्र विसावं शतक उजाडलं. वाळूत दडलेल्या माशाच्या स्नायूंतून निघणारी अगदी क्षीण वीज मुशीला या छिद्रांतून कळते. हे इंद्रिय आपल्याकडे नाहीच.

पण म्हणून माणसाचं नाक कुचकामी, असं त्याच्या डोक्यात बसू देऊ नका. जूनमधला पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो, त्यातला जिओस्मिन हा पदार्थ हवेच्या लक्ष-कोटी भागांत काही मोजके भाग असला तरी आपल्याला कळतो. कॅलिफोर्नियात २००७ मध्ये डोळे बांधलेल्या माणसांना गवतात चॉकलेटच्या वासाची दोरी टाकून रांगायला लावलं, तर दोन तृतीयांश लोकांनी माग काढला, आणि सरावाने ते अधिक वेगाने काढू लागले.

आजोबांना ‘मनीला कळतं, तुम्हाला नाही’ असं म्हणायचं नाही, एवढं मात्र त्याला बजावा.

मिठाचं धोरण बदलावं लागेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमी, सगळं मिळून. ब्लडप्रेशर असलेल्या माणसाने वरून मीठ, लोणचं आणि पापड, हे तिन्ही घेणं परवडणारं नाही. पण नुसतं काढून घेतलंत तर भांडण होईल, म्हणून बदल्यात काही द्या. आंबट त्यांना पूर्ण कळतं, तर लिंबू, कोकम, चिंच सढळ हाताने वापरा. ठेचा ठेवा, त्यातलं मीठ निम्मं करा. ताटात कुरकुरीत काही असू द्या, भाजलेले शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर, कारण दातांखालचा आवाज आणि पोत यांना नाक लागत नाही. सोलकढी गार द्या, भाकरी तव्यावरून थेट ताटात. आणि सोबत बसून जेवा. वास गेलेली माणसं हळूहळू जेवणातून मन काढून घेतात, वजन उतरतं, उदास होतात. अण्णांचं वजन महिन्यातून एकदा बघत जा.

डॉक्टरांकडे जायला चार महिने हा उशीरच आहे, तेव्हा आता टाळू नका. परळचं केईएम तुमच्या जवळ आहे, तिथल्या कान-नाक-घसा ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. नाकात मांस वाढलंय का, सायनस तुंबलाय का, हे ते आत बघून ठरवतील, कारण तसं असेल तर इलाज वेगळा आणि बऱ्याचदा लवकर गुण देणारा. अण्णा घेतात त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, काही औषधांनीही वास-चव बिघडते. मसाल्याच्या धुळीत किती वर्षं काढली ते सांगा. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तीही लपवू नका. वास एकाच नाकपुडीचा गेलाय, नाकातून रक्त येतं, डोक्याला मार लागला होता, यांपैकी काही असेल तर ते सर्वांत आधी सांगायचं. हाताला कंप, चाल मंदावणं, अक्षर बारीक होत जाणं हेही दिसत असेल तर नोंदवा. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, वास आधी जाऊ शकतो. तापानंतर एकदम गेलेल्या वासात ती शक्यता कमी असते, पण डॉक्टरांना माहीत असलेलं बरं.

नाकात लसणाचा रस, गरम तेल, कापूर घालून दिलेले थेंब, यातलं काही शेजारच्यांनी सुचवलं तरी घालू नका. स्टेरॉइडचे स्प्रे किंवा गोळ्याही डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नकोत, ब्लडप्रेशर असताना तर मुळीच नकोत. ओपीडीत काय सांगितलं ते आणि मुलाच्या वहीतली पहिल्या महिन्याची पानं मला पाठवा, म्हणजे पुढच्या बाटल्यांचं ठरवू.